की गोम्पाच्या आधी ताबोत दोन रात्री

जुन्नरला आमच्या गच्चीतून शिवनेरीचा कडा दिसतो. त्या कड्यात बौद्ध भिक्खूंनी कोरलेल्या खोल्या आहेत, पाण्याची टाकी आहेत, निजायला दगडी ओटे आहेत. लेण्याद्रीला तर मी शाळेच्या सहली किती वेळा नेल्या त्याची मोजदाद नाही. त्यामुळे कड्यावरचा मठ मला नवा नव्हता. नवं होतं ते वेगळंच. स्पितीत ‘की’ नावाच्या गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंधाऱ्या बोळातून चालताना आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. आमच्या लेण्यांतले भिक्खू जाऊन शतकं उलटली. इथे मात्र वरण शिजत होतं, कपडे वाळत होते, आणि दहा-बारा वर्षांची भिक्षूमुलं पायऱ्यांवरून धावत होती.

मी चित्रकला शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. स्पितीला तीनदा गेले, तिन्ही वेळा थोरल्या वहिनी सोबत होत्या. पहिल्या वेळी जवळजवळ सगळंच चुकलं. म्हणून जायच्या आधी माझ्याशी कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं असं जे जे वाटतं, ते इथे लिहिते.

कुठल्या बाजूने चढायचं

हिमाचलातल्या स्पितीला जायच्या वाटा दोन. एक मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून, दुसरी सिमल्याहून किन्नौरमार्गे सतलजच्या आणि मग स्पिती नदीच्या काठाने. मनालीची वाट जवळची आहे, म्हणून बहुतेक सहली तिकडूनच नेतात. आमचीही २०१७ साली तशीच नेली. पहाटे तीनला मनाली सोडली आणि रात्री काझ्याला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावी, मुक्काम. मनाली दोन हजार मीटरवर आहे, कुंझुम साडेचार हजारांच्या वर आणि काझा साडेतीन हजारांच्या वर. म्हणजे एका दिवसात शरीराला दीड हजार मीटर वर नेऊन झोपवलं. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी की गोम्पा. गाडी अगदी वरपर्यंत जाते, चढायच्या असतात थोड्याच पायऱ्या. मी तीसेक चढले आणि भिंतीला धरून ओकले. डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवेनात. वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वन्सं, खाली चला. देव पळून जात नाही." त्या सहलीत मी की गोम्पाची बघितली ती एक भिंत. सोबतच्या अठरा जणांपैकी निम्मे गाडीतच बसून होते.

तेव्हा सिमल्याकडून जा. दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण ते दिवस वाया जात नाहीत, शरीराला त्यांचीच गरज असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला आम्ही असे गेलो: पहिला मुक्काम नारकंडा, मग कल्पा (२,९६० मीटर) इथे दोन रात्री. कल्पाहून पुढे नाको गाव लागतं, ते ३,६६० मीटरवर आहे. तिथे तळ्याकाठी बसावं, जुनं देऊळ बघावं, जेवावं, पण झोपू नये. संध्याकाळपर्यंत ताबोला उतरावं, ते ३,२८० मीटरवर आहे. दिवसा उंचावर जाऊन यायचं आणि रात्री खाली झोपायचं, हा या सगळ्या प्रवासाचा कणा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर सरकवू नये, असं डॉक्टर सांगतात. ताबोत दोन रात्री, मग काझा, आणि त्यानंतर की गोम्पा (४,१६६ मीटर). या क्रमाने गेलं की त्याच पायऱ्या मी दम घेत घेत चढले आणि वर पोचल्यावर बोलू शकले.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या डायमॉक्सच्या गोळ्यांविषयी सगळेच विचारतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, दुकानातून परस्पर नको. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगा. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर तपासणी करूनच निघावं. वाटेत नुसतं डोकं दुखलं तर थांबा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरा. गोम्पा उद्याही असेल.

ऋतू म्हणाल तर मला सप्टेंबर आवडतो. सातू कापून झालेला असतो, आकाश धुतल्यासारखं असतं. जूनही चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडी येतात. कुंझुमची वाट साधारण जून ते ऑक्टोबर उघडी असते.

भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही, ओळखपत्र जवळ ठेवलं की झालं. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना मात्र किन्नौरकडून येताना सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना काढावा लागतो, तो किन्नौरमधल्या रेकाँग पिओला मिळतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी तुमची मुलं-सुना सोबत येणार असतील तर हे आधी बघा. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशीच धरतात.

पिशवीत काय

बूट असे घ्या की वाकून नाड्या सोडाव्या लागणार नाहीत. दिवसातून दहा वेळा काढावे लागतात, आणि त्या उंचीवर वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. जाड लोकरीचे मोजे दोन जोड, कारण गोम्पातली जमीन उन्हाळ्यातही पाय बधिर करते. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे: उन्हात भाजतं आणि सावलीत गेलं की हुडहुडी भरते. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. साडी नेसून गेलं तरी चालतं, वहिनी तिन्ही वेळा साडीतच होत्या, फक्त खाली गरम लेगिंग घालून.

वहिनींच्या पिशवीत आलेपाक होता. मळमळीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नाचणीचे लाडू, खारे शेंगदाणे, गूळ. उंचावर भूक मरते, तेव्हा दोन घास तरी ओळखीच्या चवीचे पोटात जातात. बाकी तिथे थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, मिळतो, मोमो मिळतात, आणि सगळ्यात चांगला असतो छरमा या काटेरी झुडपाच्या फळांचा आंबट चहा. रोख पैसे पुरेसे ठेवा. काझ्यात एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पेट्रोलचंही तसंच: मनालीकडून येताना काझ्यापर्यंत पंप नाही, टाकी भरूनच निघा.

ताबोत डोळे तयार करा

ताबोचा मठ कड्यावर नाही, दरीतल्या सपाटीवर आहे. तरी तो आधी बघा असं मी आग्रहाने सांगते. स्थापना ९९६ सालची. बाहेरून मातीचे बुटके ढिगारे दिसतात, आणि कित्येक प्रवासी "एवढंच?" म्हणून दहा मिनिटांत निघतात. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही बघायचा प्रयत्न करू नका. एका बाजूला भिंतीला न टेकता बसा. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाला डोळे सरावू द्या. हळूहळू भिंतींवरून तीसहून जास्त मातीच्या मूर्ती पुढे आल्यासारख्या दिसायला लागतात, आणि त्यांच्या खालच्या पट्ट्यात चित्रं: माणसं, घोडे, घरं, नदी. रिंचेन झांगपो या भाषांतरकार आचार्यांनी त्या काळी काश्मीरहून कारागीर आणले होते. त्यांचा हात बोटांच्या वळणांत आणि डोळ्यांच्या कोनांत ओळखू येतो.

ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. हे नाव मला नुसतं कौतुकाचं वाटत नाही. दोन्हीकडे चित्रं ओल्या गिलाव्यावर नाहीत, मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यानंतर काढलेली आहेत. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. आपल्या श्वासातली वाफ, बोटांवरचं तेल, पाठीचा घासटा, सगळं त्याला लागतं. फरक एवढाच की अजिंठ्यात गिलाव्यामागे सह्याद्रीचा कातळ आहे. ताबोत गिलाव्यामागेही मातीच. आत फोटो काढायला बंदी आहे, आणि ती असावीच. मोबाइलची बॅटरीसुद्धा चित्रावर थेट मारू नका. मी वही घेऊन जाते आणि आठवेल ते बाहेर अंगणात बसून काढते. आठवणीतून काढायचं म्हटलं की आत असताना नीट बघितलं जातं.

धनकर: हा आपल्या ओळखीचा किल्लाच

ताबो आणि काझा यांच्या मधे सिचलिंगपाशी फाटा आहे. तिथून वर वळणावळणाने धनकर. नावाचा अर्थच कड्यावरचा किल्ला. ही स्पितीची जुनी राजधानी होती. गडकिल्ले फिरलेल्या माणसाला जागा निवडणाऱ्याची नजर लगेच कळते: खाली पिन आणि स्पिती नद्यांचा संगम, दोन्ही खोऱ्यांतून कोण येतंय ते वरून दिसतं, आणि वर यायची वाट एकाच धारेवरून.

पण इथे किल्ल्याची सवय बाजूला ठेवावी लागते. आपण रायगडावर, राजगडावर दणदण पावलं टाकतो, बुरुजावर चढतो, तटाला पाठ टेकून डबा उघडतो. खाली बेसॉल्ट आहे, तो आपला भार सहन करतो. धनकर उभं आहे ते माती आणि गोटे यांच्या सुळक्यांवर. वारा आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी ते सुळके रोज थोडे थोडे खातंय. वरच्या इमारती माती, लाकूड आणि दगडाच्या. पावसाच्या छायेतला प्रदेश म्हणून छपरं सपाट मातीची, आणि थोडाही जास्त पाऊस पडला की पाणी थेट भिंतीत उतरतं. २००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर स्थळांच्या यादीत धनकरचं नाव घातलं. भिक्षूंसाठी नवा गोम्पा जवळच बांधला आहे.

म्हणून जुन्या गोम्पात थोडे थोडे जा. दहा-पंधरांचा गट असेल तर तुम्हीच तीन भाग करा, कुणी सांगायची वाट बघू नका. शिडीवर एका वेळी एकच माणूस. शिडीवरून उतरताना पाठ बाहेर, तोंड शिडीकडे. दारं बुटकी आहेत, डोकं सांभाळा. भिंतीचा आधार घ्यायचा मोह होतो, त्याऐवजी काठी वापरा. छतावर उड्या मारत फोटो काढणारी मुलं मी पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. मी त्यांना समजावलं, ती ऐकणारी होती, लगेच उतरली. तुम्हीही सांगा. गप्प राहू नका.

दम शिल्लक असेल तर वरच्या तळ्यापर्यंत तासाभराची चढण आहे. वाटेत मागे वळून बघितलं की गोम्पा खाली येतो, आणि तो कशाच्या धारेवर उभा आहे ते तिथूनच खरं दिसतं.

की गोम्पा

काझ्याहून साधारण चौदा किलोमीटर. गाडीवाल्याला आधी किब्बरच्या रस्त्याने वर न्यायला सांगा. एका वळणावरून अख्खा गोम्पा खाली दिसतो: शंकूसारखी टेकडी आणि तिच्यावर एकमेकांवर रचलेल्या पांढऱ्या खोल्या, मागे नदीचा रुंद पट्टा. नकाशा आखून बांधलेलं हे काम नव्हे. या मठावर मंगोलांचे हल्ले झाले, १८४१ मध्ये डोगरा सैन्याने नुकसान केलं, आग लागली, १९७५ च्या जानेवारीतल्या भूकंपाने भिंती फाडल्या. प्रत्येक वेळी पडलेल्या खोलीवर नवी खोली चढली. आत शिरलं की म्हणूनच वाट कळत नाही. बोळ अचानक खाली उतरतात, जिना मधूनच डावीकडे वळतो. घाबरू नका, कुठल्याही भिक्षूला "जुले" म्हणा. नमस्कार, आभार, निरोप, सगळ्याला तो एकच शब्द चालतो. हिंदी बहुतेकांना येतं.

आत वागायच्या गोष्टी मी थोडक्यात सांगते. प्रदक्षिणा उजवीच, आपल्या देवळातल्यासारखी. प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवा. मण्यांची भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची रास, आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जा. टोपी काढा. मूर्तीकडे किंवा भिक्षूंकडे पाय पसरून बसू नका. पोथ्या, ढोल, शंख, उंच आसन यांना हात लावू नका. पूजा चालू असेल तर समोरून जाऊ नका, मागच्या भिंतीकडे बसा, आणि उठायचंच असेल तर मंत्रांच्या मधे थांबा आला की उठा. काही गोम्पांत रक्षक देवतांच्या खोलीत बायकांना जाऊ देत नाहीत. मला ते रुचत नाही, हे मी लपवत नाही. पण ते त्यांचं घर आहे. मला अडवलं तेव्हा मी दाराशी थांबले.

स्वयंपाकघरात चहा देतात. नको म्हणू नका. काळ्याभोर छताखाली चुलीशेजारी बसून पितळी भांड्यांच्या रांगा बघत तो चहा प्यायचा. लोण्याचा खारा चहा आला तर त्याला चहा समजू नका, पातळ सार समजून प्या, मग घशाखाली उतरतो. निघताना दानपेटीत पैसे टाका. या मठाला तिकीट नाही, पण छपराची माती दरवर्षी लिंपावी लागते.

जमलं तर इथे एक रात्र राहा. पाहुण्यांसाठी साध्या खोल्या आहेत, जेवण भिक्षूंसोबत, साधं वरण-भात-भाजी. मात्र आधी काझ्यात किमान एक रात्र काढलेली असू द्या. दिवसा येणाऱ्या गाड्या संध्याकाळी परततात, आणि मग मठ स्वतःच्या आवाजात बोलायला लागतो. मुलं मोठ्याने पाठांतर करत होती, एकमेकांच्या वरताण. आमच्या शाळेत पाढे म्हणायची मुलं अशीच ओरडायची. पहाटे शंखाने जाग आली. वहिनी माझ्याआधीच उठून शाल गुंडाळून पायरीवर बसल्या होत्या. एका वयस्क भिक्षूंना त्यांनी नाचणीचा लाडू दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, "ये कौन सा अनाज है?" वहिनींना नाचणीचं हिंदी येईना. त्यांनी हातानेच कणसाची बोटं मुडपून दाखवली, आणि त्यांना कळलं.

उतरताना

आता मनालीच्या वाटेने उतरायला हरकत नाही. आठ-नऊ दिवस उंचावर काढलेलं शरीर कुंझुमला त्रास देत नाही. पहाटे निघा, कारण दुपारनंतर ओढ्यांना वितळलेलं पाणी वाढतं आणि रस्त्यावरून वाहतं. लांग्झा गावात किंवा वाटेत कुणी शंखाच्या आकाराचे जीवाश्म विकायला आणलं तर घेऊ नका. ते त्या डोंगराचे आहेत. कोमिक आणि हिक्कीम या गावांना जायचं असेल तर काझ्याहून अर्धा दिवस काढा. हिक्कीमच्या टपाल कचेरीतून घरी पत्र टाकलं तर ते तुमच्यानंतर जुन्नरला पोचतं. माझं बावीस दिवसांनी पोचलं.

कुंझुमवर देवीचं ठाणं आहे. गाडीवाले तिथे न थांबता जात नाहीत. आधी गाडीनेच ठाण्याला उजवी प्रदक्षिणा घालतात, मग उतरून दगडाला नाणं चिकटवून बघतात. वहिनींचं पहिल्याच प्रयत्नात चिकटलं. माझं दोनदा पडलं, तिसऱ्यांदा राहिलं. वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना. आम्ही हातमोजे घातले, उरलेला आलेपाक गाडीवाल्या भाऊंबरोबर वाटून खाल्ला आणि लाहौलच्या बाजूला उतरायला लागलो.